हादरा म्हणजे एकच

लातूर, गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. पुण्याचे सर भीतीची भीती मोजायची प्रश्नावली मराठीत करून राहिलेत. छातीत धडधडलं, हात कापले, की माणूस त्या धडधडीलाच किती घाबरतो, ते मोजायचं. घरोघर फिरून ती भरून घेणार मी, शब्द मात्र त्यांचे. सातव्या प्रश्नात मी लिहिलं होतं, 'अंग थरथरलं की भीती वाटते.' सरांनी ते खोडून 'हादरा बसल्यासारखं झालं की' असं केलं. भारदस्त वाटतं म्हणे! तेव्हाच सांगितलं, सर, इथं हादरा म्हणजे एकच, त्र्याण्णवचा भूकंप. तर म्हणाले, "तुम्ही भाषेत पडू नका."

आज शिलाई करणाऱ्या शबानाआपांना सातवा प्रश्न वाचून दाखवला. मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "कोनता हादरा, बाई? पहाटंचा का मागून आलेले?" कोनताही असो, भ्या वाटतंच, म्हणाल्या. मी 'फार' या उत्तरावर खूण केली. अख्ख्या गल्लीची खूण तिथंच.

दुपारी इथल्या माडीवरच्या ऑफिसात कागद बघून सर खूश. म्हणे, लातूरकर मुळातच भित्रा, म्हणून तर पोरांना एवढे क्लासेस लावतो. भित्रा! आमच्या ढिगाऱ्यांवर उभं राहून बोलायचं होतं सरांनी हे.

तेवढ्यात खालून ट्रक गेला आणि टेबलावरचे ग्लास वाजले. मी दारात कधी पोचले, मलाच कळलं नाही. सर खुर्चीतच. हसून म्हणाले, "बघा, तुम्हीसुद्धा!"

हाव, मीसुद्धा. म्हणून तर सांगत होते.