रकान्यातली तीन अक्षरं

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शिष्यानं आठवण काढली म्हणून तुम्ही उगाच खूश व्हाल. जेऊरात अजून तुमचं नाव निघालं की माणसं हात जोडतात. "पारध्याचं पोर शिकवून शहाणं केलं त्यांनी," म्हणतात. जोडोत बापडी. माझे हात जुळत नाहीत.

बा मला शाळेत घेऊन आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुमच्यासाठी त्यानं तित्तिरांची जोडी आणली होती, पाय बांधलेली, जिवंत. तुम्ही खाणारे नव्हता, तरी नको म्हणाला नाहीत. मला बाकावर बसवलंत, वही उघडलीत आणि म्हणालात, "चला, हजेरी घेऊ." झालं! मी खिडकीतून उडी टाकली ती थेट रेल्वेच्या रुळापर्यंत पळालो. आमच्या वस्तीत हजेरी म्हणजे एकच. पुरुषांनी पोलीस चौकीपुढं उकिडवं बसायचं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, आणि गावात कुणाची कोंबडी जरी गेली असली तरी आधी पाठ पुढं करायची. तुम्ही धोतर सावरत माझ्यामागं पळत आलात. पकडलंत, पण हसला नाहीत. "अरे वेड्या, ही हजेरी वेगळी. इथं हजर म्हटलं की कुणी मारत नाही." तुमचं ते एक वाक्य मात्र मी आजही खरं मानतो.

मग तुम्ही बाला जात विचारलीत. बा म्हणाला, "फासेपारधी. हाय त्ये लिवा की." तुमचा टाक तसाच थांबला. तुम्ही आवाज खाली आणून त्याला समजावत होता, की असं लिहिलं तर चोरी झाली की पोलीस शाळेत येतील, पोराला शेजारी कुणी बसू देणार नाही. "आडनाव तर तुमचं नि पाटलांचं एकच आहे. मराठा लिहितो."

बा हसला. "आडनाव एकच हाय गुरुजी, पर पाटील आमाला वसरीवर चढू देत न्हाय."

तुम्ही लिहिलंतच. तीन अक्षरं, तुमच्या त्या सुरेख वळणात. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत नेलं, सोलापुरात एका कचेरीत कारकून केलं, चांगल्या वस्तीत भाड्यानं खोली मिळवून दिली. आणि काय घेतलं तेही ऐका. बा मला भेटायला शहरात यायचा तर मी त्याला खोलीवर न्यायचो नाही. स्टेशनच्या बाकावर दोघं बसून चहा प्यायचो. तो आमच्या बोलीत बोलायला लागला की मी इकडंतिकडं बघून म्हणायचो, "हळू बोल." एवढं देणं कुणी कुणाला देऊ नये, गुरुजी.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात वस्तीवरचे दोघं मला शोधत आले. करमाळ्याला वरून एक साहेब यायचा होता. जेऊरच्या माळावरची माणसं घटनेच्या यादीतलेच फासेपारधी आहेत की नाहीत, हे तो ठरवणार होता. हो म्हणाला तर सगळ्या पालांना दाखले मिळणार होते. दाखला आला की पुढं पंचायतीच्या राखीव जागेवर हक्क सांगता आला असता. म्हणजे जिथं आमच्याबद्दल ठरतं, तिथं आमच्यातलं कुणीतरी बसलं असतं. पण साहेबाला कागद हवा होता, आणि अख्ख्या वस्तीत शाळेचा कागद होता तो माझा एकट्याचा. त्यावर तुमची तीन अक्षरं!

मी तुमच्याकडं आलो. तुम्ही निवृत्त होऊन करमाळ्यात राहत होता, गुडघे धरून ओट्यावर बसला होता. मी नमस्कार न करताच म्हणालो, "साहेबापुढं चला आणि खरं काय ते सांगा." तुम्ही मला ओट्यावर बसायची खूण केलीत. मग म्हणालात, "सरकारी वहीत मी खोटं लिहिलं, हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगू?" मला वाटलं, आता हात वर केलेत. पण तुम्ही कागद मागवलात आणि चिठ्ठी लिहून दिलीत. अक्षर तेच. 'या मुलाची जात फासेपारधी. वडिलांनी खरी सांगितली होती. मी माझ्या मनाने बदलली.' खाली सही. "मी येत नाही, ही दाखव," म्हणालात. तुमच्या मोठेपणाला मी पायरी उतरेपर्यंत शिव्या घातल्या.

साहेब आला त्या दिवशी करमाळ्याच्या कचेरीच्या वऱ्हांड्यात आमची सगळी माणसं बसली होती. ओळीनं, उकिडवी. त्यांना कुणी तसं बसायला सांगितलेलं नव्हतं. शिपायानं नावं पुकारली तेव्हा बा दोन्ही हात जोडून ओरडला, "हजर साहेब!" आत मी उभा होतो. हेडक्लार्कनं माझा दाखला वाचला आणि त्याचा चेहराच उजळला. "अहो, तुम्ही तर आमच्या भावकीतले निघालात की! बसा, बसा. आमचंही आडनाव हेच. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली. कपबशीत चहा आला. आणि दारातून मला बा दिसतोय, मान लांब करून आत बघतोय.

साहेबानं कागद बघितला. "तुम्ही मराठा. मग यांच्या बाजूनं कसे काय आलात?"

बाहेर येऊन मी सांगितलं, चिठ्ठी चालली नाही. वस्तीला पुरावा नाही, असा शेरा पडला. बा माळापर्यंत माझ्या पुढं पुढं चालत गेला. पालापाशी पोचल्यावर थुंकला आणि म्हणाला, "त्या मास्तरनं आपल्याला बुडिवलं, लेका." मी हो म्हणालो. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. मातीला आमच्यातलं कुणी आलं नाही. मीही नाही. पुढं बा गेला, तोही तुम्हाला शिव्या घालतच गेला. वस्तीवर आजही आमचा कुणी पंचायतीत बसलेला नाही, आणि म्हातारी माणसं तुमच्याच नावानं बोटं मोडतात. मी ऐकून घेतो.

परवा ट्रंक उपसताना तुमची चिठ्ठी सापडली. घडी एकदाच घातलेली आहे, तुम्ही घातली होती तीच. हे पत्र तिच्यातच घालून ठेवतोय, धाडणार तरी कुठं? गुरुजी, साहेबानं विचारलं तेव्हा ती माझ्या वरच्या खिशातच होती. मी म्हणालो, "माणुसकी म्हणून आलोय, साहेब. ही माणसं गरीब आहेत." चिठ्ठी मी बाहेर काढलीच नाही. मी खुर्चीवर बसलो होतो.