उसवलेली गादी

महागाव,
दि. ८ डिसेंबर २०२४

चिरंजीव जमीर यास,
भीमराजकाकाचा आशीर्वाद.

इकडं सगळं बरं आहे. थंडी बरी पडली, हॉटेल बरं चाललं आहे, आणि कापसाच्या गाड्या दारासमोर रस्ता अडवून उभ्या राहतात तेही बरंच म्हणायचं, कारण गाडी अडली की ड्रायव्हर चहा पितो. तुझं चाकणला कसं चाललं आहे? कंपनीच्या खोलीत पांघरूण तरी धड आहे का? नाव पिंजाऱ्याच्या पोराचं आणि पांघरूण बाजारातलं, असं असेल.

फोन असताना काका कागद कायले काळे करून राह्यला, असं म्हणशील. फोनवर तू 'हां काका, हूं काका' करतोस आणि मागून तुला कोणीतरी हाका मारत असतं. परवा विचारलंस, 'दुकान रिकामं झालं का?' मी म्हणालो, 'झालं, सगळं ठीक.' ते खोटं होतं. शिवाय तुला तो व्हिडिओ आलाच असेल. भर बाजारात मी गादी फाडतो आहे तो. त्यात आवाज नीट नाही, नुसता वारा ऐकू येतो. म्हणून लिहितो.

आधी तुझ्या बापाचं. मातीच्या वेळी तू कोणाशी बोललाच नाहीस, आणि मलाही धीर झाला नाही.

गुलाम नबी या गावात आला तेव्हा मी स्टँडवर दुसऱ्याच्या हॉटेलात कपबशा विसळत होतो. बरेलीकडचा माणूस, खांद्यावर पिंजायची ती उंच कमान. लोकांना वाटलं, वाजवणारा आहे. कोणीतरी म्हणालं, 'बाबा, एखांदं भजन होऊन जाऊ दे.' त्यानं हसून तारेवर असा ठोका दिला की मी हातातली बशी तशीच धरून उभा राहिलो. एका हंगामासाठी आला होता. राहिलाच. तुझी आई पुसदची, तिच्यासाठी राहिलो असं तो सांगायचा. ती, आमची हुस्नाभाभी, होती तोवर म्हणायची, याला परतीचा रस्ताच सापडला नाही. पुढं मी त्याच्या दुकानासमोर स्वतःचं हॉटेल टाकलं, त्यानं विजेची मशीन आणली, पण त्याची बोली काही इथली झाली नाही आणि तिथलीही राहिली नाही. 'भाऊ, चाय जरा कडक बनवजो, कल तो निस्तं पानी होता.'

तो गेला त्या दुपारी मी गल्ल्यावर होतो. मशीनच्या पोटात रुई असली की ती घोगरी चालते, रिकामी फिरली की किणकिणते. बराच वेळ किणकिणत राहिली. मी इथूनच ओरडलो, 'नबीभाई, मशीनले उपाशी कायले पळवून राह्यला?' किणकिण थांबली नाही. गेलो तर तो ढिगाला टेकून बसलेला. मशीनमध्ये घालायचा पुंजका हातातच. भुवयांवर रुई. मी आधी बटन बंद केलं आणि मग त्याला हात लावला. असं का केलं, मला माहीत नाही.

तू आलास, माती दिलीस आणि निघालास. जाताना एवढंच म्हणालास, 'काका, दुकान मालकाले देऊन टाका. मशीन भंगारात, बाकीचं जाळून टाका. मले त्यातलं काही नको.' मी मान हलवली.

दुकानाची मागची खोली रिकामी करायला उकंडाला बोलावलं, त्याचा टेम्पो आहे म्हणून. आत पोत्यांची गाठोडी, पार आढ्यापर्यंत. प्रत्येक गाठोड्याला कापडाची एक पट्टी बांधलेली. उकंडानं एक ओढलं, पट्टी पाहिली आणि तिथंच बसला.

'भीमराजभाऊ, हे आमच्या बुढ्याच्या गादीची खोळ व्हय! म्या सोताच्या हातानं नाल्यात टाकलती!'

आपल्याकडं माणूस गेलं की त्याची गादी घरात ठेवत नाहीत, तुला माहीत आहे. नाल्याकडं टाकतात, नाहीतर देऊन टाकतात. तुझा बाप त्या उचलून आणत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: गादीवाला मुर्द्याची रुई पिंजून आपल्या सगळ्यांच्या अंगाखाली घालत होता. ज्यांच्या घरी त्यानं लग्नाच्या गाद्या भरल्या तेच सगळ्यात जास्त बोलले. तुमची बिरादरीही मागं नव्हती. ठरलं की बाजाराच्या दिवशी गाठोडी, मशीन, कमान सगळं दुकानासमोर ठेवून पेटवायचं. म्हणजे तू सांगितलंस तेच होणार होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि हॉटेलवाल्याला गप्प बसणं चांगलं जमतं.

आता जे टाळतो आहे ते लिहितो.

तुझी वच्छलाकाकू गेली तेव्हा तिची गादी मीच तुझ्या बापाच्या दारात नेऊन टाकली होती. सुनेनं फोमची आणली. तिच्यावर मी नुसता कूस बदलत राहिलो. हॉटेल उघडायला उशीर व्हायचा, गिऱ्हाइकांवर चिडायचो. वर्षभरानं नबीभाई एक गुंडाळलेली गादी घेऊन आला.

'ले भाऊ, तेरे वास्ते भरून आणली.'

'म्या कवा सांगतलं?'

'तेरे डोळे सांगते ना.'

त्या रात्री आडवा झालो, कूस बदलली आणि कानाशी बारीकशी करकर झाली. जमीर, तुझ्या काकूच्या माहेरी शेवरीचं झाड होतं. तिनं त्याचा कापूस आणून आमच्या गादीत मिसळायला लावला होता. तुझा बाप तेव्हा कुरकुरला होता, 'भाभी, इसमें बी रह जाते.' ती म्हणाली होती, 'राहू द्या.' ते बी उशाशी वाजायचं. संसारभर मी ते ऐकलं. दुसऱ्या कुठल्या गादीत ते वाजलंच नसतं.

सकाळी त्याच्या दुकानात गेलो. तोंड उघडणार तोच म्हणाला, 'नींद लागली ना? मग चाय पाठव.' मी चहा पाठवला. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. घरातही मी कोणाला सांगितलं नाही. सून असल्या गोष्टी फार पाळते.

त्या पट्ट्या पाहिल्या तेव्हा उमजलं. ज्या घरची रुई, त्याच घरी परत. कोणी नवी गादी सांगितली की तो त्यात त्यांचंच माणूस भरून देत होता. बरं केलं असं मी म्हणत नाही. विचारायला पाहिजे होतं त्यानं. पण विचारलं असतं तर मीच पहिला नाही म्हणालो असतो.

बाजाराच्या दिवशी ढीग रचला. उकंडा रॉकेलची कॅन घेऊन उभा. मी घरातून गादी ओढत आणली. मागून आमचा अमर, 'बाबा, कायचं नाटक करून राह्यले?' मी ती ढिगावर टाकली.

'हेही जाळ.'

'हे काहून?' उकंडा म्हणाला.

'यात आमची वच्छला हाय.'

शेजारी मैनाबाई भाजी घेऊन बसते. तिचा विळा उचलला आणि शिवण फाडली. रुई उडाली. आत हात घालून शेवरीचं काळं बी काढलं आणि तळहातावर सगळ्यांना दाखवलं. व्हिडिओत दिसतो तो एवढाच वेडेपणा.

कोणीतरी ओरडलं, 'मंग इतके दिवस तू मुर्द्यासंगं झोपून राह्यला का, भीमराज?'

'जित्ती होती तवाही तिच्यासंगंच झोपत होतो. तुले काय तरास?'

लोक हसले. हसलेला माणूस काडी ओढत नाही, हे मी गल्ल्यावर बसून शिकलो आहे.

मग मैनाबाई उठली. गाठोडी उलटी-पालटी करू लागली. 'आमच्या ह्यांच्या गादीले निळ्या पट्ट्याची खोळ होती,' एवढंच बोलली. सापडली. गाठोडं डोक्यावर घेतलं, भाजी तशीच सोडून घरी गेली. तिच्यामागं आणखी बाया आल्या. काहींनी नेलं, काहींनी पट्टीला नुसता हात लावून पाहिला. दोघी आपली पट्टी ओळखूनही मागं सरल्या, तेही लिहायला पाहिजे. उकंडा कॅन घेऊन निघून गेला, माझ्याकडं न पाहता. त्याच्या बापाचं गाठोडं राहिलं.

काल तो चहाला आला. अर्धा कप झाल्यावर म्हणतो, 'थो जमीर कवा येऊन राह्यला?'

'काहून?'

'नाई, तसंच. थंडी लय पडली.'

तर असं आहे. मशीन भंगारात गेली नाही. मालकाला मी किल्ली दिलेली नाही. उरलेली गाठोडी मी माझ्या मागच्या खोलीत आणली. त्यात सगळ्यात तळाशी एक होतं, सगळ्यात कोरडं आणि घट्ट बांधलेलं. त्याची पट्टी गुलाबी, बारीक फुलांची. त्या खोळीवर लोळून तू शाळेचा अभ्यास करायचास, विसरला नसशील. तुझ्या आईची रुई त्यानं पिंजली नाही. कोणासाठी ठेवली, मी काय सांगू.

मग मी नबीभाईच्या स्वतःच्या गादीची खोळ काढली, तिची एक पट्टी फाडली आणि त्याच्या रुईच्या गाठोड्याला बांधली. दोन्ही गाठोडी आता एकावर एक आहेत.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. सुट्टी काढून ये. तुला पिंजता येतं. शाळेतून आल्यावर तू मशीनवर बसायचास तेव्हा ती तुझ्या बापाच्या हातापेक्षा एकसारखी चालायची. त्याला मी हे कधी सांगितलं नाही, त्याला राग आला असता. खरं म्हणजे आला नसता.

माझी गादी उसवलेलीच आहे. सुनेनं फोमची परत काढली होती, ती मी भिंतीला उभी करून ठेवली. तू येईपर्यंत चटईवर आहे. कूस बदलतो, पण काही वाजत नाही.

समोरच्या बंद शटरकडे कान लावून बसलेला,
तुझा
भीमराजकाका