डोहाळे, हाल आणि कांजिण्या

२० जानेवारी
निवृत्तीनंतरचं कार्य अखेर सापडलं. मराठीत काही नामं नेहमी अनेकवचनातच येतात. डोहाळे, हाल, कांजिण्या. एकच हाल कधी कोणाचा झालेला नाही. यावर ग्रंथ लिहिणार. रोज पहाटे पाचला. शुभदा म्हणाली, त्याआधी गिझरवाल्याला फोन करा. मोठ्या कामाची घरात कदर नसतेच.

२१ जानेवारी
उठलो साडेआठला. थंडी. पण फील्डवर्क झालं. वरच्या मजल्यावरच्या समीक्षाला कांजिण्या आल्यात. तिच्या आईची तासभर मुलाखत घेतली. ती सारखी दाराकडे बघत होती. विषयात गुंग झाली असावी.

५ फेब्रुवारी
रविवारी आमच्या लेकीचं, कादंबरीचं, कोपरला तिच्या घरी डोहाळजेवण. ‘डोहाळे : एक अनेकवचनी चिंतन’ हे भाषण तिथेच करायचं ठरवलं. फक्त चाळीस मिनिटं. जावईबापूंना फोन केला. विनीतराव बराच वेळ हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये म्हणत होते. नेटवर्क भिकार. शुभदा म्हणाली, कादंबरीला सध्या एकच डोहाळा लागलाय, बाबांनी भाषण करू नये. एकच डोहाळा! व्याकरण कशाशी खातात हे माहीत नसलं की असं होतं.

६ फेब्रुवारी
अंगात कणकण. पोटावर एक पुळी, पाणी धरलेली. शुभदाला भलती शंका. तिला शांतपणे समजावलं. कांजिण्या अनेकवचनी. पुळी एक. सबब, या कांजिण्या नव्हेत. ती म्हणाली, डॉक्टरकडे जा. बघू उद्या.

७ फेब्रुवारी, सकाळ
पुळ्या बऱ्याच. डास असणार.

संध्याकाळ
नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लांबूनच बघितलं. कांजिण्याच. घरात कोणी गरोदर आहे का, विचारलं. लेक, म्हणालो. मग म्हणाल्या, तिच्या जवळपासही फिरकू नका, बाळाला धोका असतो. खुर्ची धरून उभा राहिलो. गेल्या रविवारी कोपरला जायचं होतं, प्रस्तावनेच्या नादात राहून गेलं, देवाची कृपा. घरी येऊन काढा घेतल्यावर जरा धीर आला. शुभदाला लहानपणीच येऊन गेल्यात, ती जाणारच. मास्क लावून, दाराबाहेर उभं राहून बोललं तर? तीसच मिनिटं.

८ फेब्रुवारी, सकाळ
झब्बा घातला. मास्क लावला. भाषण खिशात. शुभदा आलेच म्हणून बाहेर पडली आणि बाहेरून कुलूप लावून गेली. हल्ली फार विसरते. फोन केला. म्हणाली, विसरले नाहीये. विनीतरावांना फोन केला. पुन्हा नेटवर्क.

संध्याकाळ
कादंबरीचा व्हिडिओ कॉल. हिरवी साडी, फुलांचे दागिने. फार गोड दिसत होती पोर. आणि एकदम रडायलाच लागली. म्हणाली, आईने सगळ्यांना सांगितलं बाबा. तुम्हीच म्हणालात ना, पोरीला आणि बाळाला काही व्हायला नको, मी येत नाही. एवढं भाषण लिहिलेलं असून. मला वाटलेलं तुम्ही ऐकणारच नाही. सॉरी हं बाबा.
डोळ्यांतून पाणी येत होतं, तापात येतंच. शेवटी म्हणालो, अगं वेडे, तुमच्यापुढे भाषणाचं काय एवढं.
म्हटल्यावर वाटलं, खरंच, हे तर मी आधीच ठरवलं होतं.
थोड्या वेळाने शुभदा आली. कुलूप काढलं, जेवणाचा डबा टेबलावर ठेवला. तिला स्पष्ट सांगितलं, कुलपाची काही गरज नव्हती, मी जाणारच नव्हतो. ती भांडली नाही. नुसतं खाली बघत म्हणाली, बरं, मग आता चपला काढा आणि जेवायला बसा.