डावी कड

दि. ९ मार्च

प्रिय दादास,
नमस्कार. इकडे सारं ठीक. मी पदवी परीक्षा पास झाले, आपल्या घरातली पहिली! आई शेजारणीला म्हणाली, "पोरगी पाण्याचं शास्त्र शिकली." बाबा म्हणाले, "आणि पोहता अजून येत नाही."

तू मागितला नव्हतास, पण बाबांनी तुझ्यासाठी सर्फबोर्ड केलाय. शेपटाकडच्या कडा तुला हव्या तशा धारदार. तिथून पाणी चटकन सुटतं, वेग मिळतो, असं तू भांडून सांगायचास. गोल कडेला पाणी धरून राहतं, चुकलास तर ती सांभाळून घेते, हे बाबांचं म्हणणं. म्हणून पुढे गोल, मागे धारदार. ज्या वादापायी तू घर सोडलंस, तो त्यांनी एकाच फळीवर मिटवला.

फक्त डावी कड जाड झाली आहे.

बाबा कडा कशा तपासतात, आठवतं ना? डोळे मिटून, दोन्ही कडांवरून दोन्ही तळहात एकदम फिरवत. आता डाव्या हाताला काही कळत नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेला, दादा. "त्याला कळवायचं नाही. दयेपोटी आलेला मुलगा नको मला," म्हणाले.

गिऱ्हाइकं म्हणू लागली, बोर्ड एका अंगाला ओढतो. मग बाबा जेवायला गेले की मी डावी कड पॉलिशपेपरने घासून उजवीशी जुळवायचे. त्यांना कळू नये, एवढंच मनात होतं.

गेल्या आठवड्यात ते एका गिऱ्हाइकाच्या बोर्डाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहिले. त्यामुळे डाव्या कडेवर उजवा, शाबूत हात पडला.

"ही कड माझी नाही."

मग तोच हात त्यांनी तुझ्या बोर्डाच्या डाव्या कडेवरून फिरवला. ती मी अजून घासली नव्हती.

"आणि ही माझी," म्हणाले. बराच वेळ हात तिथंच होता. "पोरी, एवढी नीट कर. लाटेत त्याला दगा नको."

रंधा खुंटीला टांगला आणि गेले. तेव्हापासून कारखान्यात पाऊल नाही.

मी रोज पॉलिशपेपर घेऊन उभी राहते. हात पुढे होत नाही. त्यांच्या हातची ती शेवटची कड आहे.

बोर्ड पाठवत नाही. घासायचा की तसाच लाटेवर न्यायचा, ते त्यांच्यासमोर तू ठरव. दयेपोटी येऊ नकोस. बोर्ड न्यायला ये.

बाबांना न सांगता लिहिणारी,
तुझी धाकटी