आत्याचा हुंकार

भोकरदन,
दि. ९ डिसेंबर २०२४

प्रिय कल्याणदादा,

नमस्कार. तू पुण्यात सुखरूप असशील. इकडे सगळे बरे आहेत. कापसाची दुसरी वेचणी उरकली. शेजारच्या नंदाबाईची म्हैस व्याली, त्यामुळे घरात खरवस आहे. तुझ्या आईची खोली मी रोज झाडते. बाज मात्र हलवू दिली नाही.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसशील. परवा फोनवर तू विचारलंस, "मागं कोण हूं हूं करून राह्यलं?" मी म्हटलं, टीव्ही. टीव्ही बंद होता, दादा.

आत्याला त्या जपानी अ‍ॅनिमेचं वेड तिच्या लेकाने, तूच लावलंस. तिला दिसत नव्हतं, म्हणून तू एकेक भाग मराठीत सांगायचास आणि ती हुंकार द्यायची. हुंकार थांबला की गोष्टही थांबवायची, हा तिचाच नियम. माझ्या बाबांशी भांडून तू घर सोडलंस आणि ते काम माझ्याकडे आलं. राक्षसाला स्वतःची सावली देऊन निघून गेलेला तो मुलगा, आणि नदीकाठी झोपडीत दिवा लावून बसलेली त्याची आई. बाकी कुणाशी आत्याला देणंघेणं नव्हतं.

शेवटचा सीझन त्यांनी सहा भागांत गुंडाळला. आधी एक किल्ला पडायला चार भाग लागले होते, इथे अख्खं युद्ध एका गाण्यात संपलं. निम्मी माणसं कधी मेली तेही कळेना. आणि सांगताना मीही तसंच गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, मला कंटाळा आला होता. दुपारी एकला सुरू केलं. एका कानात इअरफोन, डोळे मोबाइलवर, आत्याकडे पाठ.

"जल्दी जल्दी काय करून राह्यली गं? त्या पोराचं सांग. माईकडं गेलं का ते?"

"सांगते, आत्या. आधी ऐक तर."

त्यानंतर नुसता हुंकार. माझं वाक्य संपलं की हूं. चार वाजता मी म्हटलं, "संपलं." तेव्हाही आला, पण विचारल्यासारखा. "हूं?"

तिचं बरोबर होतं. मुलगा घरी गेला की नाही, ते त्यांनी दाखवलंच नव्हतं. तसं सांगायला मी वळले, तिचा हात धरला. हात गार होता.

दहा मिनिटांत डॉक्टर आले. म्हणाले, जाऊन दोन तास तरी झाले असतील.

मी तुला सांगितलं, झोपेतच गेली. खोटं बोलले. ती विचारत होती आणि मी पाठ करून बसले होते. त्याची मला फार लाज वाटते.

आता त्या खोलीत काहीही मोठ्याने बोललं तरी हुंकार येतो. भाजीचे भाव सांगितले तरी येतो. एकदा मी खोटा शेवटही सांगून पाहिला, "आलं ते पोरगं घरी." तेवढ्या एका वाक्याला आला नाही.

अग्नी द्यायला तू आलास, पण स्मशानातूनच परत गेलास. उंबरा ओलांडला नाहीस. बाबांचं मी बघते. तू ये, तिच्या बाजेवर बस, आणि तुझ्या तोंडाने शेवट सांग.

हे पत्र त्याच खोलीत बसून लिहिलं. सवयीने एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले. 'तू ये' म्हटलं, तेव्हा दोनदा आला.

वाट पाहतोय,
आम्ही दोघी.

अर्पिता