या मशीनचा रूट मीच

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाने लिहून ठेवावं, मागून येणाऱ्यांना उपयोग होतो. ऑफिसातल्या जुन्या युनिक्स सर्व्हरचा रूट मी. म्हणजे सर्वेसर्वा. बाकी सगळे साधे युजर, साहेबसुद्धा. हे मी त्यांना बोलून दाखवत नाही. रोज तरी नाही.

५ मार्च
कॉम्प्युटरच्या सिक्युरिटीसाठी नवी मुलगी आली. सगळ्यांदेखत मला काका म्हणाली! आपला छपाईचा प्रोग्राम फार जुना आहे म्हणे. कुणीही चालवला तरी तो रूटच्या अधिकाराने चालतो. फाइलला भलतंच लांबलचक नाव देऊन छापायला पाठवली, की तो गडबडतो आणि साध्या युजरला रूट करून बसतो. मी विचारलं, बाहेरच्या कुणाला जमेल का? नाही काका, आतल्याच माणसाला, म्हणाली. मग झालं तर! आत सगळी आपलीच माणसं. उगाच घाबरवते पोरगी.

६ मार्च, संध्याकाळी
प्रोग्रामातलं ते भोक बुजवायला पॅच लावा, पॅच लावा म्हणून पोरीने पिच्छा पुरवलाय. त्या प्रोग्रामला हात लावला की प्रिंटर रुसतो. मागे रुसला होता, तेव्हा त्याची समजूत कशी काढली ते आता आठवत नाही. हे तिला सांगितलं नाही. सोमवारी नक्की, म्हणालो. कुठल्या सोमवारी ते बोललो नाही.

११ मार्च
सोमवार गेला. कामच फार.
हिचा भाऊ नोकरी शोधायला आमच्याकडे आलाय. हॉलमध्ये झोपतो. बॅग तेवढी बेडरूममध्ये ठेवू का, असं अदबीने विचारलं. आतलाच माणूस. ठेव म्हटलं.

१४ मार्च
लॉगिन केल्या केल्या सगळ्यांना संदेश दिसला: आज चहा काकांकडून. तो संदेश फक्त रूटलाच बदलता येतो. म्हणजे मीच बदलला असणार. हल्ली झोप कुठे होते? मेहुण्याची पाठ धरली, त्यामुळे पलंगावर तो आणि हॉलमध्ये मी. सगळ्यांना चहा पाजला. मुलगी म्हणाली, काका, आता तरी पॅच लावा. सोमवारी, म्हटलं.

२० मार्च
साहेबांच्या पगाराची फाइल कुणीतरी उघडली. शिपायापासून सगळ्यांना आकडा तोंडपाठ. साहेबांनी बोलावलं. मी छातीठोकपणे सांगितलं, ती फाइल रूटशिवाय कुणाच्या बापाला उघडता येत नाही, आणि रूट मी एकटा. मुलगी मध्ये काहीतरी बोलायला गेली, तिला गप्प केलं. साहेब म्हणाले, तेच म्हणतोय मी.
पटलं त्यांना.

२१ मार्च
रूटचा पासवर्ड आता मुलीकडे. मी साधा युजर. चार दिवसांचा प्रश्न आहे. माझ्याशिवाय अडलं की येतील धावत.

२६ मार्च
कुणी आलं नाही. काही अडलंही नाही.
जेवणाच्या सुट्टीत एकदम डोक्यात आलं, अरे, ते भोक आहे की! आणि मीही आतलाच माणूस. फाइलला माझं नाव दिलं, हुद्द्यासकट, लांबी भरावी म्हणून पुन्हा पुन्हा. पाठवली छापायला.
रूट झालो नाही. प्रिंटर मात्र सुरू झाला. पोरीने पासवर्ड हाती आला त्याच दिवशी पॅच लावला होता, आणि मेला प्रिंटर रुसलाही नाही. कागद तिनेच आणून दिला. वरपासून खालपर्यंत माझं नाव. काका, तुमचा दिसतोय, म्हणाली. साहेबांना सांगत नाही, असंही म्हणाली. तेच फार लागलं.
घरी आलो. दार मेहुण्याने उघडलं. या भावोजी, बसा ना, म्हणाला.
बसलो.