दोन माणसांची नाव

४ जानेवारी, रविवार. पाथर्डी
प्राजू सकाळच्या गाडीने पुण्याहून आली. जेवताना सांगितलं, नोकरी पक्की. आसाम. नदीचं पाणी मोजायचं काम, मार्चपासून, निदान दोन वर्षं. सुनंदा भाजी वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, छान.

मग पुढचं. जायच्या आधी तिला भंडारदऱ्याच्या पाण्यात तीन दिवस कॅनू घेऊन फिरायचंय. शेंडीहून रतनवाडी, तिथून पलीकडच्या काठाने परत. दोन मुक्काम, तंबूत. मोटरबोट नाही, हॉटेल नाही, आपलं आपण वल्हवायचं. मैत्रिणीकडे हवा भरायची कॅनू आहे. दोन माणसांची.

"आप्पा, तुम्ही याल?"

मला विचारलं. हो म्हटलं. मला पोहता येत नाही हे तिला माहीत, सुनंदाला माहीत, मला तर माहीतच. कुणी तो विषय काढला नाही.

लिहून ठेवतो, उद्या खोटं वाटायला नको. तिच्या विलासमामाला नाही, मला विचारलं.

५ जाने., सोम.
मेहुण्याचं नाव लिहिताना पेन जरा जोरातच टेकतं.

प्राजू पाचवीत गेली त्या वर्षी सुनंदाच्या कमरेचं ऑपरेशन. एका वर्षासाठी म्हणून पोरीला राहुरीला तिच्या मामाकडे ठेवली. तिथंच दहावी झाली. मी शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. धरायचो, रविवारी संध्याकाळी परत. विलासच्या वस्तीपासून मुळा धरण चालत दहा मिनिटं. पोहायला त्याने शिकवलं, आधी विहिरीत, मग धरणात. सायकल त्याने. ट्रॅक्टर त्याने. मी मास्तर. मी काय शिकवलं? अपूर्णांक. तेही बरेचसे फोनवर.

आज नकाशा पसरून बसलो होतो. भूगोल मी बत्तीस वर्षं शिकवतोय, तेव्हा नकाशा माझा. पण तासाभरात सात वेळा "मामा म्हणतो". मामा म्हणतो दुपारनंतर वारा सुटतो. मामा म्हणतो काठ सोडायचा नाही. मी मोजत होतो.

आणि हे कधीपासून असं आहे कुणास ठाऊक. मामाला ती "तू" म्हणते. मला "तुम्ही".

११ जाने., रवि.
सुनंदाला सांगितलं, नगरला पेन्शनच्या कागदांचं काम आहे. रविवारी कसलं ऑफिस, हे तिने विचारलं नाही. गेलो पोहायच्या तलावावर. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या असतील. मला बघून म्हणाल्या, "नातवाला आणलंय का काका?"

पाणी बर्फ. दांडा धरून पाय मारायचे. छातीपर्यंतच पाणी, पण हात सुटेना. बाई म्हणाल्या, "काका, दांडा कुठं पळून जातोय? सोडा की." शेजारी सहा-सात वर्षांच्या पोरी माशासारख्या जात होत्या.

चार सेकंद तरंगलो. बाईंनी मोजले.

१५ जाने., गुरु.
विलास तिळगूळ घेऊन आला. पिकअपमधून उतरतानाच, "दाजी, ऐकलं ते खरं हाय का? तुमी पान्यात उतरनार?" हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दोन लाइफ जॅकेट आणली होती, त्याच्या ओळखीच्या कोळ्याकडून. एक प्राजूच्या मापाचं, बरोबर. एक माझ्यासाठी, ढगळ.

"चार दिस धरनावर या ऱ्हायला. मी शिकिवतो. लाजायचं काय त्यात, आपलं आपल्यात."

"येतं मला," म्हणालो.

सुनंदा चहा घेऊन दारात उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "रविवारी चड्डी ओली घेऊन आलात, तेव्हाच कळलं मला. पण त्याला का हो असं?"

मी ढगळ जॅकेट खुंटीला अडकवलं.

१८ जाने., रवि.
आज अकरा सेकंद.

संध्याकाळी प्राजूचा फोन. परवानगीचे कागद झाले. महाशिवरात्रीला रतनवाडीला गर्दी होते, म्हणून त्यानंतरची २० फेब्रुवारी, शुक्रवार. मग म्हणाली, "आप्पा, मामाला पिकअप घेऊन रस्त्याने रतनवाडीला येऊ द्या ना. तंबूचं सामान तो आणेल. रात्री तिघं असू. तुम्हीच बोला त्याच्याशी, तुम्ही सांगितलं तर त्याला बरं वाटेल."

बोलतो म्हटलं.

२० जाने., मंगळ.
वर्ग अर्धा रिकामा. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, ती मार्चशिवाय दिसायची नाहीत. उरलेल्यांना धरणं शिकवली. एकीने विचारलं, "गुर्जी, भंडारदरा लई खोल हाय का?" व्हय म्हणालो, आणि लगेच पुढच्या धरणावर गेलो.

विलासला फोन केला नाही. हातात घेतला दोनदा.

प्राजूला मात्र केला. म्हणालो, विलासच्या उसाला तोड आलीये, त्याला नाही जमायचं. इतकं सहज बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "अरेरे. बरं." त्या 'अरेरे'चाही राग आला.

सुनंदाला सांगितलेलं नाही.

२५ जाने., रवि. राहुरी
आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

प्राजूने परवा कळवलं, आधी मुळा धरणात सराव करू. नाही कसं म्हणणार? ती पुण्याहून आली, मी पाथर्डीहून. विलास काठावर गोणपाट टाकून बसलेला. कॅनू फुगवली. लाल. वाटली होती त्याहून लहान. मी पुढे, प्राजू मागे, कारण मागचा दिशा धरतो. पुढच्याने नुसतं वल्हवायचं. तिचं तोंड दिसत नाही, आवाज तेवढा येतो.

पहिली वीस मिनिटं फार छान गेली. हे खरं आहे आणि लिहिलंच पाहिजे. डावं, उजवं, डावं. "मस्त आप्पा!" म्हणाली. काठ लांब गेला. विलास लहान दिसायला लागला. मला तो तसा दिसलेला आवडला, आणि आणखी लहान दिसावा म्हणून मी जोर लावला. ती म्हणत होती वळूया. मी थांबेना. वाऱ्याची लाट आडवी आली, नाव डुलली, आणि मी जे कधीच करायचं नसतं ते केलं. उभा राहिलो.

पाण्याखाली किती होतो ठाऊक नाही. जॅकेटने वर आणलं. नाकातोंडात पाणी. प्राजू हातभर अंतरावर, तिने माझी कॉलर धरलेली, आणि ती काठाकडे बघून ओरडत होती, "मामा! मामा!"

मी तिच्या हातात होतो आणि ती हाक त्याला मारत होती.

विलास कपड्यांनिशी पोहत आला. दोघांनी मला नावेला धरायला लावून काठावर आणलं. विलासच्या बायकोने घोंगडी दिली. चहा घेताना दात वाजत होते, तेवढ्यात प्राजू म्हणाली, "मामा, तोडीमुळे तुला यायला जमत नाही, नाहीतर तू रतनवाडीला हवा होतास."

विलास म्हणाला, "कसली तोड? माझा ऊस जाऊन पंधरा दिस झाले. तुमच्या पाथर्डीचीच टोळी हुती."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. आणि लगेच म्हणाला, "न्हाई म्हंजे, त्या खालच्या तुकड्याची राहिलीये थोडी."

मला सावरून घेतलं त्याने. ते सगळ्यात वाईट. प्राजूला कळायचं ते कळलं. कॅनूची हवा सोडत बसली, माझ्याकडे पाठ करून.

२६ जाने., सोम.
पहाटेच्या गाडीने परत. झेंडावंदन. पोरांची कवायत बघताना डोळ्यासमोर पाणीच.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "आता ऐका. तिनं दिवाळीतच विलासला विचारलं होतं. तो म्हणाला, आधी आप्पाला विचार. म्हणून तुम्हाला विचारलं."

म्हणजे ती जागा त्याची होती. त्याने सोडली म्हणून मला मिळाली.

जेवलो नाही. सुनंदा म्हणाली, "छप्पन्न वर्षांचे आहात." बरोबर आहे. पण ह्या रागाला वयाचं कळत नाही.

प्राजूचा फोन नाही.

३१ जाने., शनि.
शाळा सुटल्यावर एस.टी.त बसलो आणि राहुरीचं तिकीट मागितलं. ठरवलं नव्हतं. पूर्वीचीच वेळ.

विलास गोठ्यात होता. उभ्या उभ्या सांगितलं, "तोडीचं मी खोटं बोललो. तू येऊ नयेस म्हणून."

"मला ठावंय."

"आणि ती जागा तू दिलीस तेही कळलं. मला नको. उपकार नको."

त्याने बादली खाली ठेवली. "दाजी, उपकार कसला? मला वाटलं, तुमी न्हाई म्हनाल. पान्याला भेता तुमी. तुमी न्हाई म्हनलं की पोरगी आपसूक माझ्याकडं येनार. मग मी तुमाला इचारून आलो असं झालं असतं. तुमी हो म्हनलात, तवा रातभर डोळा लागला न्हाई माझा."

मी तिथंच खाली बसलो.

मग तोच बोलायला लागला. थांबेना. शनिवारी ती चारपासून रस्त्याच्या कडेला जाऊन बसायची म्हणे. मी साडेसहाला पोचायचो. मामीने थालीपीठ केलं तरी घरात यायची नाही. "सहा दिस मी सांभाळायचो. सातव्या दिशी तुमी उतरला की मी घरात हाय का न्हाई, तिला ठाव नसायचं. लई राग यायचा तुमचा. एकदा तर वाटलं, गाडी चुकू दे मास्तरची."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं मी आलो म्हणून ती फाट्यावर यायची, गाडीचा आवाज ऐकून.

खूप आनंद झाला. त्याच्या तोंडावर. ते त्यालाही दिसलं असणार.

१ फेब्रु., रवि. राहुरी
विलासने विहिरीत उतरवलं. पाठीखाली हात धरला. मला त्याचा हात नको होता आणि तो काढला असता तर मी मेलो असतो. "आभाळाकडं बघा दाजी, माझ्याकडं नगा बघू."

त्याने हात कधी काढला, कळलं नाही. काढला होता. बराच वेळ.

माणूस चांगला शिकवतो. म्हणून तर राग.

३ फेब्रु., मंगळ.
प्राजूला फोन. माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा तिची मागितली असेन. तोडीचं, आणि वळूया म्हणाली तेव्हा वळलो नाही त्याचं.

ती म्हणाली, "मामाचाही काल फोन होता. त्याचं त्याने सांगितलं." मग, "आप्पा, मी काय बांधावरचं झाड आहे का, दोघांनी भांडायला?"

पुन्हा चुकलं म्हणालो.

"आणि मी मामाला हाक मारली, कारण तो काठावर होता. तुम्ही माझ्या हातातच होतात की. हातातल्या माणसाला कोण हाक मारतं?"

हे दिवसभर मनात घोळवतोय. पटलंय. नव्वद टक्के.

२० तारीख कायम आहे. मामा पिकअप घेऊन येणार. तिनेच ठरवलं, आम्हाला विचारलं नाही.

१५ फेब्रु., रवि.
उपास. शेंगदाणे, भगर. बॅग भरली. सुनंदाला म्हटलं, तूही चल. म्हणाली, "तिघांचं निस्तरा आधी." मफलर मात्र तिने दोन भरले. दुसरा कुणासाठी ते विचारलं नाही.

प्राजूने यादी पाठवली. त्यात "आप्पांची डायरी (प्लास्टिकच्या पिशवीत)". तिला माहीत आहे मी लिहितो. काय लिहितो ते माहीत नसावं.

२० फेब्रु., शुक्र. रतनवाडी, काठावर. दुपारचे दोन
पोचलो.

शेंडीहून सात वाजता निघालो. पाण्यावर वाफ, बोटं बधिर. विलासने नाव ढकलून दिली आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मी पुढे, प्राजू मागे. ह्या वेळी काठाशी काठाशी. दोन ठिकाणी थांबलो, गूळ-दाणे खाल्ले. एका वळणावर बगळ्यांचा थवा उठला, पार डोक्यावरून गेला. ती मागून म्हणाली, "तू बघितलंस?" मग लगेच, "बघितलंत?" मी म्हटलं, पहिलंच राहू दे. हसली. पुढे दोन-तीनदा तसंच म्हणाली, मुद्दाम, आणि मग विसरली, पुन्हा तुम्ही-तुम्ही.

शेवटच्या टप्प्यात वारा आला. नाव डुलली. मी बसून राहिलो. एवढंच केलं, पण केलं.

विलास आमच्या आधी येऊन तंबूची जागा साफ करून बसला होता. नाव टेकायच्या आत प्राजू उडी मारून धावत गेली, त्याच्याकडेच. मी वल्हं धरून बसलेला. पण ओरडत काय गेली, तर, "मामा, अरे आप्पांनी शेवटपर्यंत वल्हं मारलं! एकदाही डगमगले नाहीत!" विलासने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. आरशात बघतो तसा.

आता ती सरपण गोळा करायला गेलीये. जाताना दोघांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "उद्याचा टप्पा मोठा आहे. पुढे कोण बसणार ते सांगून ठेवा." आणि गेली.

हात दुखतायत. उद्या एवढं वल्हवणं मला जमेल की नाही, खरंच माहीत नाही. जमणार नाही म्हटलं तर तो बसेल, पिकअप गावातला कुणी चालवेल, आणि मी बाजूच्या सीटवर रिकामा. मला गाडी पण येत नाही. 'तू बस' म्हणालो तर तो बसेल की नको म्हणेल, तेही कळत नाही. आणि नको म्हणाला, तर तो उपकार की पुन्हा तसलाच डाव?

विलास चुलीपुढे बसलाय. माझ्याकडे बघत नाहीये. मघापासून तीच भाकरी उलटतोय. करपल्याचा वास इथपर्यंत येतोय.